सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार आणि उत्तेजक द्रव्ये: वेंगुर्ल्याहून आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर

वेंगुर्ले तालुक्यातील एका पावसाळी फुटबॉल स्पर्धेच्या सचिवांनी लेखी कळवलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. अंतिम सामन्यानंतर पाच जणांच्या निवड समितीने गोव्याहून मानधनावर आलेल्या एका मध्यरक्षकाला स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरवले आणि चषक व रोख रक्कम त्याच्या हाती दिली. पुढे आठवडाभरात असे कानावर आले की, उपांत्य सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने एका खासगी दवाखान्यात गुडघ्यात इंजेक्शन घेतले होते. हरलेल्या संघाने ते उत्तेजक असल्याचा आरोप करून पुरस्कार परत घ्यावा आणि निवड समितीने पुन्हा मतदान करावे अशी मागणी केली आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये असे फेरमतदान झाले होते, हा त्यांचा आधार आहे. सचिवांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. मोठ्या फुटबॉलमध्ये अशा वेळी नेमके काय होते, आणि आपल्या समितीने काय करावे. क्रीडावैद्यक म्हणून रत्नागिरीत केलेल्या कामाच्या आणि उत्तेजक चाचणीचे नमुने घेताना वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेल्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर देत आहे.

फेरमतदानाचा दाखला खरा आहे, परंतु तो मागणी करणाऱ्यांच्या बाजूचा नाही. तो अमेरिकन फुटबॉलमधला आहे, म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळायच्या वेगळ्याच खेळातला. ह्यूस्टन टेक्सन्स संघाचा लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतील खेळाडू, ब्रायन कुशिंग याला २००९ च्या हंगामासाठी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा बचावफळीतील सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार मिळाला होता. जानेवारी २०१० मध्ये झालेल्या त्या मतदानात पन्नास पत्रकारांपैकी ३९ जणांनी त्याला मत दिले. मे २०१० मध्ये जाहीर झाले की सप्टेंबर २००९ मध्ये, म्हणजे त्याच हंगामाच्या आरंभी, त्याच्या नमुन्यात एचसीजी हे संप्रेरक आढळले होते आणि त्यासाठी पुढच्या हंगामातील पहिल्या चार सामन्यांकरिता त्याला निलंबित करण्यात आले आहे. आपण दोषी नसल्याचे तो सांगत राहिला. वृत्तसंस्थेने त्याच मतदारांकडून पुन्हा मते मागवली. त्यात कुशिंगला अवघी १८ मते पडली आणि तरीही पुरस्कार त्याच्याकडेच राहिला, कारण उरलेली मते इतर अनेक नावांत विभागली गेली.

एचसीजी म्हणजे काय हे थोडे सांगायला हवे, कारण हे संप्रेरक गर्भधारणेच्या चाचणीशी जोडलेले असल्याने पुरुष खेळाडूच्या संदर्भात त्याचा उल्लेख झाला की लोक हसण्यावारी नेतात. पुरुषाच्या शरीरात बाहेरून दिलेले एचसीजी वृषणांना टेस्टोस्टेरॉन तयार करण्याचा संदेश देते. बाहेरून स्टेरॉइड घेत राहिल्यास शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे थांबवते. स्टेरॉइडचा क्रम संपल्यावर ते काम पुन्हा सुरू करण्यासाठी एचसीजी टोचून घेतात. म्हणून पुरुष खेळाडूंसाठी ते प्रतिबंधित आहे. काही विशिष्ट अर्बुदांमुळेही (गाठींमुळेही) पुरुषाच्या रक्तात व लघवीत हे संप्रेरक वाढू शकते. त्यामुळे असा अहवाल आला की जबाबदार डॉक्टर शिक्षेच्या आधी आजार नाही ना, याची खात्री करून घेतो.

या प्रकरणातून शिकण्यासारखी पहिली गोष्ट कालक्रमाची आहे. नमुना सप्टेंबरचा, पुरस्कार जानेवारीचा आणि जाहीर वाच्यता मे महिन्यातील. त्याच नमुन्याची राखून ठेवलेली दुसरी बाटली उघडणे, खेळाडूचे म्हणणे ऐकणे, अपील या गोष्टी गोपनीय ठेवणे न्यायाचेच असते. परंतु त्या काळात पुरस्कार देणारी संस्था अंधारात राहते आणि आपण जे जाणत नाही त्यावर शिक्कामोर्तब करून बसते. दुसरी गोष्ट अशी की निलंबन करणारी संस्था वेगळी होती आणि पुरस्कार देणारी वेगळी. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगला वृत्तसंस्थेचा पुरस्कार काढून घेण्याचा अधिकारच नव्हता. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे फेरमतदानाच्या एकाच चिठ्ठीत मतदारांना दोन प्रश्न विचारले गेले: उत्तम कोण खेळला, आणि दोषी ठरलेल्याला पुरस्कार असावा का. पहिल्याचे उत्तर मतदार देऊ शकतो. दुसरा प्रश्न मताचा नाही, नियमाचा आहे. तो चिठ्ठीत टाकला की निम्म्याहून अधिक मतदारांनी ज्याला नाकारले तोच विजेता ठरतो, आणि मग निकाल कोणालाच पटत नाही.

लीगने मात्र स्वतःच्या हातातील मानाबाबत याआधीच नियम केला होता. सॅन डिएगो चार्जर्सचा शॉन मेरिमन २००५ मध्ये सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. २००६ मध्ये नॅन्ड्रोलोन या स्टेरॉइडसाठी त्याला चार सामन्यांचे निलंबन झाले, आणि तरी उरलेल्या सामन्यांत त्याने प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूला, १७ वेळा चेंडू हातात असताना पाडले. हा आकडा त्या हंगामातील सर्वाधिक होता. त्याची प्रो बोल या मानाच्या सामन्यासाठी निवडही झाली. त्यावर एवढी टीका झाली की २००७ पासून ज्या हंगामात खेळाडू स्टेरॉइडसाठी दोषी ठरतो त्या हंगामात त्याची प्रो बोलसाठी निवड होऊ शकत नाही, असा नियम आला. लोक त्याला मेरिमनच्याच नावाने ओळखतात. त्याहून आधी, २००२ मध्ये, कॅरोलिना पँथर्सचा ज्युलियस पेपर्स आहारपूरकातील प्रतिबंधित द्रव्यामुळे हंगामाच्या शेवटच्या चार सामन्यांना मुकला होता. ही गोष्ट मतदानापूर्वी सर्वांना ठाऊक होती, तरी पत्रकारांनी त्यालाच सर्वोत्तम नवोदित ठरवले. आणि २०१८ च्या हंगामातील पहिले चार सामने अशाच निलंबनात घालवलेला ज्युलियन एडलमन त्याच हंगामाच्या शेवटी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, सुपर बोल या लीगच्या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एकाच खेळात, एकाच देशात, चार प्रकरणे चार वेगवेगळ्या वाटांनी जातात, कारण ज्याच्या हातात चषक आहे त्याने बहुधा स्वतःचा नियम लिहिलेला नसतो.

आता आपल्या, म्हणजे पायाने खेळायच्या, फुटबॉलकडे येऊ. येथे फिफा ही जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे वाडाची, संहिता मानते आणि त्या संहितेत या प्रश्नाचे उत्तर आहे. बहुतेकांच्या नजरेतून ते निसटते एवढेच. कलम ९ असे सांगते की वैयक्तिक खेळात स्पर्धेदरम्यान घेतलेल्या नमुन्यात नियमभंग आढळला तर त्या स्पर्धेतील निकाल, पदक, गुण आणि बक्षीस आपोआप रद्द होते. सांघिक खेळात संघाचा निकाल असा रद्द होत नाही. कलम ११ प्रमाणे एकाच संघातील दोनहून अधिक खेळाडू दोषी आढळले तरच संघावर कारवाईचा प्रश्न येतो. परंतु कलम ९ च्या खालील स्पष्टीकरणात सरळ म्हटले आहे की सांघिक खेळात त्या खेळाडूला वैयक्तिकरीत्या मिळालेले पुरस्कार रद्द ठरतात.

या तरतुदीमागचा विचार मला पूर्णपणे पटतो आणि या उत्तराचा गाभाही तोच आहे. धावण्याच्या शर्यतीत दोषी धावपटूला वगळून पुढचा क्रमांक वर आणता येतो. फुटबॉलमध्ये दोषी खेळाडूने केलेला गोल मागे घेता येत नाही. तो पास ज्याच्याकडून आला तो निर्दोष असतो, आणि समोरच्या गोलरक्षकाची चूकही खरी असते. अकरा जणांच्या खेळातून एकाचा वाटा वेगळा काढून तोलणे ही गोष्ट फक्त एका ठिकाणी होते, ते ठिकाण म्हणजे वैयक्तिक पुरस्कार. म्हणून संघाचा विजय कायम ठेवूनही पुरस्कार मागे घेण्यात विसंगती नाही. पुरस्कार हा इतर खेळाडूंशी केलेल्या तुलनेवर उभा असतो, आणि त्या तुलनेत जे प्रामाणिकपणे उतरले त्यांचे देणे आयोजकांवर असते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: औषधाचा त्याला खरोखर फायदा झाला का? मध्यरक्षक एका सामन्यात साधारण दहा ते बारा किलोमीटर धावतो, त्यात अनेक छोट्या वेगवान धावा असतात, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच करायचे असते. टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या जातीची द्रव्ये येथे दंड फुगवण्यापेक्षा थकवा लवकर भरून काढण्यासाठी वापरली जातात. एरिथ्रोपोएटिनने रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता वाढते. मेंदूला चेतवणाऱ्या द्रव्यांनी थकव्याची जाणीव कमी होते. तरीही, अमुक सामन्यातील अमुक चाल औषधामुळे जमली असे कोणताही डॉक्टर प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही. संहिता तो प्रश्न विचारतच नाही. नमुन्यात द्रव्य सापडले की नियमभंग पूर्ण होतो. ते कसे आले, हेतू काय होता, निष्काळजीपणा किती, हे सारे बंदीची मुदत ठरवताना पाहिले जाते. पुरस्काराच्या बाबतीतही हीच विभागणी ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. त्या स्पर्धेचा पुरस्कार नियमाने जावा, आणि माणसाच्या चारित्र्याचा निवाडा त्यात मिसळू नये.

ही विभागणी का हवी, हे गेल्या काही वर्षांतील प्रकरणांवरून कळते. गोलरक्षक आंद्रे ओनाना याच्या नमुन्यात फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध सापडले. ते पत्नीच्या गोळ्यांपैकी चुकून घेतल्याचे त्याने सांगितले. युएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाने, २०२१ मध्ये दिलेली बारा महिन्यांची बंदी क्रीडा लवादाने नऊ महिन्यांवर आणली. फ्रान्सचा मध्यरक्षक पॉल पोग्बा याला टेस्टोस्टेरॉनच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२४ मध्ये चार वर्षांची बंदी झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती अठरा महिन्यांची झाली. पेप ग्वार्डिओला २००१ मध्ये इटलीत ब्रेशा संघाकडून खेळताना नॅन्ड्रोलोनसाठी चार महिने बाहेर होता. २००७ मध्ये अपील न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले, तोपर्यंत तो खेळाडू म्हणून निवृत्त झालेला होता. फ्रान्सचा बचावपटू मामादू साखो याचे प्रकरण तर आणखी बोलके आहे. २०१६ च्या वसंतात तात्पुरत्या निलंबनामुळे त्याचा युरोपा लीगचा अंतिम सामना हुकला, मायदेशी झालेल्या युरो स्पर्धेत फ्रान्सच्या संघात त्याला जागा मिळाली नाही, आणि जुलैमध्ये युएफाने प्रकरणच बंद केले, कारण सापडलेले हिजेनामाइन हे द्रव्य वाडाच्या यादीप्रमाणे प्रतिबंधित ठरते असे सिद्ध झाले नाही. पुढे २०२० मध्ये वाडाने त्याची माफी मागून नुकसानभरपाई दिली. हुकलेला अंतिम सामना मात्र भरून येत नाही. ही नावे येथे मुद्दाम एकत्र घेतली आहेत. ती सारखी नाहीत, हेच त्यातून दिसावे. ज्या पुरस्काराचा निर्णय माणूस बरा की वाईट यावर टेकलेला असेल, तो पुरस्कार या प्रत्येक वळणावर द्यावा-घ्यावा लागेल.

अर्जेंटिनाच्या पापू गोमेझचे उदाहरण वेंगुर्ल्याच्या प्रकरणाला सर्वांत जवळचे आहे. सेव्हिया क्लबकडे असताना, कतारच्या २०२२ मधील विश्वचषकाच्या थोडे आधी घेतलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे श्वासनलिका मोकळी करणारे औषध आढळले. मुलाच्या खोकल्याचे औषध घेतल्यामुळे ते आल्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. तो विश्वचषकात दोन सामने खेळला, संघ जगज्जेता झाला आणि दोन वर्षांच्या बंदीचा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. अर्जेंटिनाचे जगज्जेतेपद अबाधित राहिले. एक खेळाडू, एक नमुना. संघाच्या निकालाला हात लावण्याचा आधारच संहितेत नव्हता. त्याला त्या विश्वचषकात एखादा वैयक्तिक पुरस्कार मिळाला असता तर मात्र, माझ्या मते, तो परत मागणे योग्यच झाले असते, आणि औषध मुलाचे होते ही सबब बंदी कमी करण्यापुरतीच ग्राह्य धरावी लागली असती.

उलट टोकाचे उदाहरण आपल्याकडे आहे, ते मुष्टियुद्धातील आहे पण पुरस्कारांच्या न्यायाशी थेट संबंधित आहे. अमित पंघलने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. तरीही २०१२ मध्ये, किशोर वयात, उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्याने आणि त्याची शिक्षा भोगून झालेली असूनही, त्या वेळच्या नियमावर बोट ठेवून अर्जुन पुरस्कारासाठी त्याचा विचार झाला नाही. शिक्षा संपल्यावरही जन्मभर पाठलाग करणारा असा नियम मला अन्यायाचा वाटतो. ज्या स्पर्धेत किंवा हंगामात नमुना सापडला त्या काळापुरता पुरस्कार जावा. त्याच्या आधीचे आणि बंदी संपल्यानंतरचे मान त्याला खुले असावेत. दिएगो माराडोना १९९४ च्या विश्वचषकात इफेड्रिनसाठी दोषी ठरला आणि पंधरा महिने बाहेर राहिला, परंतु म्हणून कोणी १९८६ चा त्याचा सर्वोत्तम खेळाडूचा मान मागितला नाही, आणि ते बरोबरच होते.

सापडले तर काय, याची चर्चा खूप होते; सापडतच नाही त्याचे काय, याची होत नाही. फुटबॉलमध्ये सामन्यानंतर चाचणीसाठी बहुधा प्रत्येक संघातील दोघांची नावे चिठ्ठ्या टाकून निघतात, काही वेळा संशयावरून एखादे नाव जोडले जाते. त्यामुळे ज्याला त्या दिवशीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून चषक दिला, त्याचा नमुना घेतलाच गेला नाही असे सहज घडू शकते. सायकल शर्यतीत टप्पा जिंकणाऱ्याला चाचणीच्या खोलीत जावेच लागते. फुटबॉलमध्येही मोठ्या स्पर्धांत ज्याला वैयक्तिक पुरस्कार द्यायचा त्याचा नमुना त्याच दिवशी घ्यावा, ही सूचना अवघड नाही आणि फार खर्चिकही नाही. तसे नसेल तर दोषीचा पुरस्कार काढून ज्या दुसऱ्याला देऊ, त्याची चाचणी झाली होती का, हा प्रश्न उभा राहतोच, आणि त्याला उत्तर नसते.

आता वेंगुर्ल्याचे इंजेक्शन. येथे मी आयोजकांना आणि आरोप करणाऱ्या संघालाही सांगू इच्छितो की गुडघ्यात किंवा कमरेत टोचलेले प्रत्येक औषध उत्तेजक नसते. आपल्या लहान दवाखान्यांत दुखण्यासाठी सर्वाधिक दिले जाते ते डायक्लोफेनॅक, आणि ते प्रतिबंधित नाही. सांध्यात टोचण्यासाठी वापरले जाणारे मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा ट्रायमसिनोलोन, आणि कमरेत सर्रास दिले जाणारे डेक्सामेथासोन, ही ग्लुकोकॉर्टिकॉइड गटातील औषधे मात्र स्पर्धेच्या काळात वर्ज्य आहेत. १ जानेवारी २०२२ पासून ती कोणत्याही मार्गाने टोचून घेतलेली चालत नाहीत, मग ते इंजेक्शन सांध्यातले का असेना. सांध्यात दिलेल्या बहुतेक औषधांसाठी सामन्यापूर्वी किमान तीन दिवस आणि ट्रायमसिनोलोनसाठी दहा दिवस अंतर ठेवण्याचा संकेत आहे. तेच ट्रायमसिनोलोन स्नायूत दिले तर साठ दिवस. ट्रॅमाडोल हे वेदनाशामक १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित झाले. याचा अर्थ एवढाच की, त्या संध्याकाळी सिरिंजमध्ये काय होते हे केस पेपर पाहिल्याशिवाय कोणालाच ठरवता येणार नाही, आणि खरोखर गरज असलेल्या खेळाडूला उपचारासाठी सवलतीची मंजुरी घेण्याचा मार्गही नियमात आहे.

किनारपट्टीवरच्या खेळाडूंसाठी खोकल्याचे औषध हा त्याहून मोठा धोका आहे. लावणी आटोपली की आपल्याकडे चिखलातले सामने सुरू होतात, भिजलेल्या अंगाने मुले घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय बाटली आणतात. आपल्या बाजारातील कित्येक खोकल्याच्या औषधांत टर्ब्युटालिन किंवा सालब्युटामॉल असते. टर्ब्युटालिन प्रतिबंधित आहे. सालब्युटामॉल श्वासातून, पंपाने, चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही आठ तासांत ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, परंतु पोटात घेतलेले चालत नाही. भारताचा गोलरक्षक सुब्रत पाल याच्या नमुन्यात २०१७ मध्ये टर्ब्युटालिनच सापडले होते, आणि खोकल्याच्या औषधातून ते आल्याचे त्याने सांगितले होते. नाडाने, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, औषधाचे नाव टाकून तपासता येईल असे अॅप काढले आहे. संघ व्यवस्थापकाने ते आपल्या मोबाईलवर ठेवावे. व्यायामशाळेतून मिळणाऱ्या डब्यांतील पावडरीबद्दल मी एवढेच म्हणेन की डब्यावर जे लिहिले आहे तेच आत आहे, याची हमी मी देत नाही आणि विक्रेत्यानेही देऊ नये.

समितीने स्वतः चाचणी करून घ्यावी, अशी एक सूचना या पत्रव्यवहारात आली होती. ती सोडून द्यावी. गावातील किंवा जिल्ह्यातील पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत होणारी लघवीची तपासणी या कामाची नसते. त्यासाठी वाडाची मान्यता असलेली प्रयोगशाळा लागते, भारतात ती दिल्लीची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, आणि तिचीही मान्यता ऑगस्ट २०१९ ते डिसेंबर २०२१ या काळात स्थगित होती, यावरून निकष किती कडक असतात हे लक्षात यावे. शिवाय नमुना घेणाऱ्याची नेमणूक, मोहोरबंद बाटल्या, दोन भागांत विभागलेला नमुना आणि वाहतुकीची नोंद यांपैकी एक कडी तुटली तरी अहवाल टिकत नाही. २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने हे अधिकार नाडाकडे दिलेले आहेत. तालुक्याच्या आयोजन समितीकडे ते नाहीत.

मग समितीच्या हातात काय उरते? नियम लिहिणे. पुढच्या वर्षीच्या प्रवेशपत्रिकेत असे एक कलम असावे की नाडाने किंवा महासंघाने या स्पर्धेच्या काळातील नियमभंगासाठी अंतिम निर्णयाने दोषी ठरवलेल्या खेळाडूचा या स्पर्धेतील वैयक्तिक पुरस्कार, हेतू काहीही असला तरी, आपोआप रद्द होईल, संघाचा निकाल कायम राहील, आणि आधीच्या किंवा नंतरच्या स्पर्धांतील पुरस्कारांना त्यामुळे बाधा येणार नाही. चौकशी चालू असल्याचे अधिकृतपणे कळले तर पुरस्कार काढून न घेता राखून ठेवावा. संशय, ऐकीव माहिती आणि प्रतिस्पर्ध्यांचे पत्र यांवर काहीही होणार नाही, हेही त्याच कलमात लिहावे, कारण उपांत्य सामना हरल्यावर कोणाला काय आठवेल याचा नेम नसतो.

निवडीची पद्धतही बदलावी. पाच जणांनी प्रत्येकी एकच नाव लिहून देण्याऐवजी तीन नावे क्रमाने द्यावीत आणि त्यांना पाच, तीन, एक असे गुण ठेवावेत. मग पहिला बाद झाला तर त्याच चिठ्ठ्यांतून त्याचे नाव वगळून खालची नावे वर सरकवता येतात आणि फेरमतदानाची गरजच पडत नाही. बॅलन डी'ओर या जगातील सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्कारासाठी मत देणारे पत्रकार क्रमवारच नावे देतात. असोसिएटेड प्रेसनेही २०२२ च्या हंगामापासून एका नावाऐवजी क्रमवार मतदान स्वीकारले आहे. कुशिंगच्या वेळी ही पद्धत असती, आणि जोडीला अपात्रतेचा लेखी नियम असता, तर जानेवारीच्या चिठ्ठ्यांवरूनच मे महिन्यात निकाल लावता आला असता. चिठ्ठ्या मात्र जपून ठेवाव्या लागतील. आपल्याकडे त्या बक्षीस समारंभ संपता संपता मंडपाच्या कोपऱ्यात मिळतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. आणि सर्वोत्तम खेळाडू चिठ्ठ्यांऐवजी प्रायोजकाच्या गावावरून ठरतो, हेही काही ठिकाणी पाहिले आहे. त्या रोगावर माझ्याकडे औषध नाही.

पुरस्कार दुसऱ्याकडे गेला तर तो त्याला पुढच्या वर्षीच्या उद्घाटनाच्या सामन्याआधी, मैदानावर, प्रेक्षकांसमोर द्यावा. ऑलिंपिकमध्ये कित्येक खेळाडूंना उशिरा मिळालेली पदके एखाद्या कार्यालयात किंवा टपालाने पोहोचली आणि त्यांच्या वाट्याचा क्षण गेला तो गेलाच. रोख रक्कम परत मिळवणे व्यवहारात अवघड असते, म्हणून समितीने ती समारंभात न देता पंधरा दिवसांनी बँकेमार्फत द्यावी.

या वर्षीच्या पुरस्काराबद्दल माझा सल्ला स्पष्ट आहे. प्रवेशपत्रिकेत नियम नव्हता, नमुना घेतलेला नाही, अधिकृत संस्थेचा निर्णय नाही, आणि इंजेक्शन कोणते होते हेही ठाऊक नाही. चषक त्या खेळाडूकडेच राहू द्यावा. केस पेपर दाखवण्याची सक्ती समिती करू शकत नाही. तो त्याच्या आणि डॉक्टरांमधला कागद आहे, त्याने स्वखुशीने दाखवला तर प्रश्न वेगळा. हरलेल्या संघाला लेखी उत्तर द्यावे, त्यात नियम नसल्याचे मान्य करावे, नव्या कलमाचा मसुदा सोबत जोडावा, आणि त्या उत्तरात किंवा व्हॉट्सअॅपच्या गटावर त्या खेळाडूच्या नावाशेजारी उत्तेजक द्रव्याचा उल्लेख कोठेही येणार नाही याची काळजी घ्यावी. तो मजकूर आधी एखाद्या वकिलाच्या नजरेखालून घालावा. सावंतवाडीत किंवा कुडाळात ते काम एका दुपारी होईल.